आकडे आणि आकड्या: रुक्ष वाटणारी पराशा आपली कशी होते

प्रश्न थोडक्यात असा आहे: दर आठवड्याची पराशा, म्हणजे तोराचा (मोशेच्या पाच पुस्तकांचा) त्या आठवड्याचा पाठ, मी मराठी भाषांतरातून वाचते. याकोब, योसेफ यांच्या गोष्टी चालू असतात तोवर मन रमते. पण निर्गम या पुस्तकाच्या शेवटी ‘वायखेल’ आणि ‘पेकुदे’ या पराशा आल्या की निवासमंडपाचे, म्हणजे वाळवंटातल्या तंबूच्या मंदिराचे, खांब, पडदे, कड्या आणि शेकेल यांच्या याद्या सुरू होतात, आणि मी नुसती पाने उलटते. त्यावर कुणी देवळात (सिनेगॉगात) बोलले तर ‘सर्वांनी एकजुटीने काम करावे’ असे काहीतरी सांगून खाली बसते. या मजकुरात माझ्यासाठी म्हणून काही कसे शोधायचे?

पाने उलटण्याचे कारण प्रश्नाच्या शेवटच्या वाक्यातच आहे. ‘माझ्यासाठी काय’ हा शेवटी विचारायचा प्रश्न आहे, आणि तो पहिल्या ओळीलाच विचारला की दोनपैकी एक गोष्ट होते. मजकूर गोष्टीचा असेल तर आपण आपलेच सुखदुःख त्यात वाचून मोकळे होतो. मजकूर यादीचा असेल तर काहीच सापडत नाही. क्रम उलटा ठेवावा: आधी मजकुरात ठेच लागली पाहिजे, म्हणजे वाचताना कुठेतरी अडखळले पाहिजे, मग ती ठेच जुन्या वाचकांना लागली होती का ते पाहायचे, आणि त्यानंतर स्वतःकडे वळायचे. मराठी कानांना हा क्रम परका नाही. कीर्तनकार पूर्वरंगात पद उलगडतो आणि उत्तररंगात आख्यान लावतो. बेने इस्राएलींनी, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंनी, १८८०च्या सुमारास अब्राहम, योसेफ यांची मराठी कीर्तने सुरू केली तेव्हा हाच साचा घेतला होता. पूर्वरंग गाळून थेट आख्यानाला हात घातला की ते आख्यान कुठल्याही पदाला चालते, आणि ‘एकजुटीने काम करावे’ हे तसलेच आख्यान आहे.

आधी साहित्य आणि वेळ. तोरात ५४ पराशा आहेत आणि सिमहात तोरा या सणाला चक्र संपून त्याच दिवशी पुन्हा सुरू होते. चांद्र वर्षात तितके शब्बाथ (शनिवारचे विश्रामदिवस) मिळत नाहीत म्हणून सात जोड्या गरजेप्रमाणे एकत्र वाचल्या जातात. वायखेल-पेकुदे ही त्यांतलीच एक. अधिक महिना, म्हणजे अदार महिना दोनदा, असलेल्या वर्षी त्या वेगळ्या होतात, एरवी बहुतेक वेळा जोडून येतात. आपल्याकडच्या अधिक मासासारखाच हा हिशेब आहे, १९ वर्षांत ७ वेळा. जोडून आल्या की एका आठवड्यात १२२ आणि ९२ मिळून २१४ वचने होतात. तेवढे सगळे नीट वाचायचा हट्ट धरू नये. सगळे एकदा वाचावे आणि खणायला एकच जागा घ्यावी.

तोराच्या मराठी छापील प्रती बहुतेक ख्रिस्ती परंपरेतल्या आहेत, आणि त्यांतले वचनांचे आकडे हिब्रू प्रतीशी काही ठिकाणी जुळत नाहीत. ‘वायिश्लाह’ ही पराशा हिब्रूत उत्पत्ति ३२:४ला सुरू होते, मराठी प्रतीत ३२:३ला. ‘त्साव’ हिब्रूत लेवीय ६:१, मराठीत ६:८. ‘पिनहास’ हिब्रूत गणना ३०:१ला संपते, मराठीत ते वचन २९:४० आहे. हे माहीत नसले की भाष्य एका वचनावरचे आणि आपण वाचतोय दुसरेच, असा घोळ होतो आणि माणूस भाष्यालाच कंटाळतो. पेकुदेत (निर्गम ३८:२१ ते ४०:३८) सुदैवाने ही अडचण नाही.

वाचायची जुनी रीत तालमुदात (रब्बींच्या चर्चांच्या जुन्या संग्रहात), बेराखोथ ८अ मध्ये, दिली आहे: समाजाबरोबर आपली पराशा पुरी करावी, दोनदा मूळ आणि एकदा भाषांतर. भाषांतर म्हणजे तिथे ओंकेलोसचे अरामी. शुल्हान आरूख या धर्मनियमांच्या ग्रंथाने राशीचे भाष्यही त्या जागी चालेल असे म्हटले. (हा ज्योतिषातला राशी नव्हे. रब्बी श्लोमो यित्झहाकी या नावाची ती आद्याक्षरे आहेत. फ्रान्समधले त्रॉय हे त्याचे गाव, काळ १०४० ते ११०५.) ज्याला दोन्ही समजत नाहीत त्याने आपल्याला कळणाऱ्या भाषेतले स्पष्टीकरण वाचावे, अशी मुभा पुढच्या काळातल्या पंडितांनी दिली. हिब्रूच्या शेजारी मराठी ठेवणे आपल्याकडे नवे नाही. पेसाहची हग्गादा (त्या सणाच्या रात्री वाचायची पोथी) मुंबईत १८४६ मध्येच मराठी भाषांतरासह छापली गेली. तेव्हा तिसरे वाचन मराठीत करताना संकोच नको. संकोच करावा तो पहिली दोन वाचने गाळण्याचा. हिब्रू अक्षरे वाचता येत असतील तर अर्थ न कळताही एकदा मोठ्याने वाचा. पुनरावृत्ती कानाला कळते, डोळ्यांना निसटते.

पराशेचे सात आलियोथ, म्हणजे वाचनाचे सात भाग, पडलेले असतात (एक भाग म्हणजे आलिया). रोज एक, रविवारी पहिला, असे घेतले की ओझे वाटत नाही. पेकुदेचे भाग असे: ३८:२१–३९:१, ३९:२–२१, ३९:२२–३२, ३९:३३–४३, ४०:१–१६, ४०:१७–२७, ४०:२८–३८. सातवा शब्बाथला सकाळी सेफेर तोरा (तोराची हस्तलिखित गुंडाळी) उघडण्याआधी वाचून होतो. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी देवळात पहिला तुकडा वाचला जातोच. जवळ देऊळ असून मिन्यान (प्रार्थनेला लागणारे दहा जण) जमत असेल तर तिथेही कानावरून जातो.

आता कागद-पेन्सिल घेऊन पहिला आलिया.

तिथे हिशेब आहे (किक्कार हे मोठे वजन, शेकेल लहान). सोने २९ किक्कार ७३० शेकेल. चांदी १०० किक्कार १७७५ शेकेल. पितळ ७० किक्कार २४०० शेकेल. चांदी आली कुठून तेही सांगितले आहे: वीस वर्षांवरच्या मोजलेल्या प्रत्येक पुरुषाकडून अर्धा शेकेल, आणि माणसे ६,०३,५५०. बहुतेक वाचक इथून पुढे पळतात. पळू नका, गुणाकार करा. ६,०३,५५० माणसांचे अर्धे शेकेल म्हणजे ३,०१,७७५ शेकेल. मजकूर म्हणतो १०० किक्कार आणि १७७५ शेकेल. म्हणजे एक किक्कार ३००० शेकेलचा, आणि हिशेब शेवटच्या शेकेलपर्यंत बरोबर.

पुढचे वचन सांगते की त्या १०० किक्कारांच्या १०० उथळ्या ओतल्या, म्हणजे फळ्यांखालच्या चांदीच्या बैठका, दर बैठकीला एक किक्कार. मागे अध्याय २६ पाहिला तर त्या शंभरांचीही फोड मिळते: ४८ फळ्यांखाली दोन-दोन म्हणून ९६, आणि पडद्याच्या चार खांबांखाली ४. उरलेल्या १७७५ शेकेलच्या खांबांच्या आकड्या, म्हणजे अडकवायचे हुक, केल्या, खांबांची टोके मढवली आणि त्यांना बांधपट्ट्या केल्या.

अजून एक पायरी. एका उथळीत ३००० शेकेल, म्हणजे ६००० माणसांचा वाटा. शंभर उथळ्यांत ६,००,००० माणसे. उरली ३५५०. त्यांचे अर्धे शेकेल म्हणजे नेमके १७७५. सहा लाखांचा गोल आकडा पायात गेला आणि त्या गोल आकड्यात न बसलेल्या माणसांची चांदी खांबांच्या आकड्यांत. ज्या चांदीला पायात जागा नव्हती ती वर गेली, जोडायच्या कामाला.

हे गणित कुठल्याही भाष्याशिवाय, नुसत्या मराठी भाषांतरावर करता येते. ‘रुक्ष’ म्हणून जे आपण सोडून देतो त्यात बऱ्याचदा असे असते. याद्यांचा मजकूर गोष्टीपेक्षा जास्त प्रामाणिकपणे उलगडतो, कारण तिथे आपल्याला आधीपासून काही वाटत नसते.

आता ठेचा मोजू. या आलियात निदान तीन आहेत.

पहिली: चांदीचा खर्च दिला, पितळेचाही दिला (३८:३०–३१), सोन्याचा मात्र फक्त एकूण आकडा. हाच समाज थोड्याच अध्यायांपूर्वी सोने गोळा करून पूजेसाठी वासरू करून बसला होता आणि मोशेचा भाऊ अहरोन याने त्याचा जबाब दिला होता की मी ते आगीत टाकले आणि हे वासरू बाहेर आले (३२:२४). सोने आपोआप काहीतरी ‘बाहेर आले’ या वाक्यानंतर आता निदान वजन तरी लिहून ठेवले आहे. खर्चाची फोड का नाही, यावर भाष्यकार आपापली उत्तरे देतात; तुम्ही उत्तर काढायच्या आधी ही जागा मोकळी आहे एवढे वहीत टिपा.

दुसरी: हिशेब मोशेच्या सांगण्यावरून, पण ‘अहरोनचा मुलगा इथामार याच्या हातून’ (३८:२१). देव ज्याच्याशी समोरासमोर बोलतो त्याचा हिशेब दुसऱ्याच्या हातून का?

तिसरी ठेच शब्दाची आहे. बेसालेल हा निवासमंडपाचा कारागीर. ‘बेसालेलने परमेश्वराने मोशेला आज्ञा केली होती ते सर्व केले’ (३८:२२). सरळ वाक्य ‘मोशेने त्याला सांगितले ते सर्व केले’ असे झाले असते. राशी नेमका इथे थांबतो. राशी वाचायची किल्लीच ही आहे: त्याने काय म्हटले याआधी त्याला काय खुपले ते शोधायचे. तोराच्या शिक्षिका नेहामा लेइबोविट्झ यांनी १९४२ पासून आठवड्याच्या पराशेवरचे प्रश्नांचे कागद टपालाने पाठवायला सुरुवात केली, आणि ‘राशीला इथे अडचण काय आहे?’ हा प्रश्न त्यांनी असंख्य वाचकांच्या तोंडी बसवला. इथली अडचण ‘मोशेला’ हा शब्द. राशी तालमुदातला (बेराखोथ ५५अ) संवाद आणतो: मोशेने आधी भांडी आणि मग निवासमंडप असा क्रम सांगितला, बेसालेल म्हणाला, जगाची रीत आधी घर, मग त्यात सामान, मोशेने मान्य केले की देवाने मला तसेच सांगितले होते, तू देवाच्या सावलीत होतास की काय. ‘बे-त्सेल-एल’ म्हणजे ‘देवाच्या सावलीत’, हा त्या नावावरचा श्लेष. कारागिराने निरोप्याची चूक पकडली आणि निरोप्याने ती कबूल केली, एवढे सगळे एका ‘मोशेला’ शब्दावर उभे आहे.

आता दुसऱ्या ठेचेकडे, कारण आपला धागा तिथे आहे. मिद्राश, म्हणजे जुन्या रब्बींनी मजकुरावर रचलेल्या कथांचा संग्रह, (शेमोथ रब्बा ५१) दोन गोष्टी सांगतो. लोक मोशेच्या पाठीमागे बोलत: याची मान बघा, मांड्या बघा, आपलेच खातो-पितो, एवढ्या कामावर नेमलेला माणूस श्रीमंत होणार नाही तर काय. ते ऐकून मोशेने हिशेब द्यायचे ठरवले. दुसरी गोष्ट त्याहून चांगली आहे. हिशेब देता देता त्याला १७७५ शेकेल कुठे गेले तेच आठवेना. तो बसून राहिला. आता लोक म्हणणार याने खाल्ले. मग देवाने त्याचे डोळे उघडले आणि त्याला दिसले, ते खांबांच्या आकड्यांत आहेत.

विसर पडला तो १७७५चा, एकूण चांदीच्या अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त. उथळ्या ओतलेल्या, जड, मोजायला सोप्या. आकड्या खांबांवर विखुरलेल्या, पडदे लटकल्यावर झाकलेल्या. कुठल्याही संस्थेचा खजिनदार सांगेल की मोठी रक्कम हरवत नाही. हरवतो तो सुतळी, खिळे आणि रिक्षाभाडे यांचा खर्च.

इथे हलाखाही, म्हणजे धर्माचा कायदाही, जोडून पाहावी. निव्वळ गोष्टीवर थांबले की अर्थ हवेत राहतो. मिश्ना (कायद्याचा जुना संग्रह) शेकालिम ५:२ मध्ये म्हणते, लोकांच्या पैशावर दोनपेक्षा कमी माणसे नेमू नयेत. ३:२ तर आणखी बारीक आहे: यरुशलेमच्या मंदिराच्या कोठीतून शेकेल काढायला आत जाणाऱ्याने दुमडीची वस्त्रे, जोडे, तेफिलीन (प्रार्थनेत बांधायच्या चामडी डब्या) किंवा ताईत घालून जाऊ नये. न जाणो तो पुढे गरीब झाला तर लोक म्हणतील कोठीत पाप केले म्हणून, आणि श्रीमंत झाला तर म्हणतील कोठीतून घेतले म्हणून. माणसाने देवासमोर जसे निर्दोष असावे तसे लोकांसमोरही असावे, आणि आधाराला गणना ३२:२२. बेने इस्राएलींच्या देवळात मुकादम (प्रमुख) आणि गबाई (खजिनदार) वेगळे असतात, त्यामागची शहाणपणाची रीत हीच.

एक शब्द मुळातून तपासायलाच हवा, हिब्रू येत नसले तरी. ‘पेकुदे’ हे प-क-द या धातूचे रूप. मराठी भाषांतरात हा धातू दर ठिकाणी वेगळा दिसतो, कारण मराठीत त्याला एकच शब्द नाही. सारेला मूल देण्यासाठी देवाने तिची आठवण ठेवली (उत्पत्ति २१:१), योसेफला पोटीफरने घरावर नेमले (३९:४), मरताना योसेफ म्हणाला देव तुमच्याकडे नक्की लक्ष देईल (५०:२४), गणनेतली मोजदाद, लेवीय अध्याय ५च्या शेवटी ठेव म्हणून दिलेली वस्तू (मराठी प्रतीत ६:२), आणि वासरानंतर ‘माझ्या झडतीच्या दिवशी मी झडती घेईन’ (निर्गम ३२:३४), सगळीकडे हाच धातू. आजच्या हिब्रूत ‘पाकीद’ म्हणजे कारकून आणि ‘पिकादोन’ म्हणजे ठेव. दिमोना किंवा अश्दोदमध्ये राहणाऱ्या मराठी नातेवाइकांना विचारा, बँकेत रोज ऐकतात. मोजणे, आठवण ठेवणे, नेमणे, ठेव सांभाळणे आणि जाब विचारणे यांना एकच धातू पुरतो, ही पेकुदेतली सर्वांत मोठी ठेच आहे आणि भाषांतरात ती पूर्ण झाकली जाते. धातू शोधायला शब्दसूची हवी. वचनाबरोबर मूळ हिब्रू शब्द दाखवणारी संकेतस्थळे आणि ॲप आता फुकट मिळतात. आठवड्याला एकच धातू पाहावा. तीन पाहिले की कोशाचेच वाचन होते, पराशेचे नाही.

आता ‘माझ्यासाठी काय’. तो प्रश्न गुणाकारानंतर आणि मिद्राशानंतर विचारला की आपोआप अरुंद होतो, आणि अरुंद प्रश्नालाच उत्तर असते. उदाहरणे देतो. माझ्या ताब्यात दुसऱ्यांचे काय आहे, पैसा, वेळ, आईवडिलांचे कागद, संस्थेची किल्ली, आणि त्याचा हिशेब मागायच्या आधी मी कधी दिला? माझ्यावर कुणी संशय घेतला तेव्हा मी मोशेसारखा आकडे काढले की फक्त दुखावलो? घरात १७७५ कुणाच्या नावावर आहेत, म्हणजे कुणाचे काम पडद्यामागे असल्याने माझ्या हिशेबातून निसटते? वासराच्या वेळी अहरोनने म्हटले तसे ‘बाहेर आले’ मी शेवटचे कधी म्हटले? यातला एकच घ्यायचा, आणि त्याला नाव, रक्कम किंवा तारीख लागेल इतका बारीक करायचा. ‘मी अधिक प्रामाणिक होईन’ हे पेकुदेचे उत्तर नाही. ‘सोसायटीच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीचा मार्चपासून राहिलेला हिशेब रविवारी फलकावर लावीन’ हे आहे. (वर्गणी गणपतीची असली तरी नियम शेकालिमचाच.)

एक कसोटी कायम हाताशी ठेवा: शेजारची पराशा असती तरी हेच म्हणता आले असते का? आले असते तर अर्थ मजकुरातून निघालेला नाही. ‘छोट्या माणसांचेही मोल असते’ हे पेकुदेवर म्हणता येते आणि ‘नोआह’वरही. ‘गोल आकड्यात न बसलेल्यांची चांदी जोडायच्या कामाला लागली’ हे फक्त इथे म्हणता येते.

आकड्यांवर थोडे रेंगाळायला हरकत नाही. हिब्रूत आकडीला ‘वाव’ म्हणतात, आणि वाव हे अक्षरही आहे. अक्षराचा आकार आकडीसारखा आणि वाक्यात त्याचे काम ‘आणि’चे. मजकुरातले ‘वावे हाअम्मुदीम’, खांबांच्या आकड्या, हे शब्द लेखनिकांनी स्वतःच्या कामाला लावले: अम्मुद म्हणजे खांब, आणि सेफेर तोरातला स्तंभही अम्मुदच, म्हणून मोजके अपवाद सोडून प्रत्येक स्तंभ वाव अक्षराने सुरू करायचा असा रिवाज पडला. पुढच्या वेळी सेफेर उचलून दाखवतात तेव्हा स्तंभांची पहिली अक्षरे पाहा. मराठीत तर गंमत आणखी पुढे जाते, कारण आपल्याकडे ‘आकडा’ म्हणजे संख्याही आणि अडकवायचा आकडाही. ही मात्र मराठीची देणगी आहे, मजकुराची नव्हे. लक्षात ठेवायला वापरा, पुरावा म्हणून नको. नावांवरचे श्लेष आणि अक्षरांच्या बेरजा यांचा मोह असाच असतो. गेमात्रियाने, म्हणजे अशा बेरजांनी, आधीच सापडलेला अर्थ सजवता येतो. नुसत्या बेरजेतून काढलेला अर्थ दुसऱ्या बेरजेने तितक्याच सहज मोडतो. राशीसुद्धा याच पराशेच्या पहिल्या वचनात ‘मिश्कान’ शब्द लागोपाठ दोनदा आलेला पाहून ‘मश्कोन’, म्हणजे तारण, असा श्लेष करतो आणि दोन्ही वेळा पडलेल्या मंदिराकडे बोट दाखवतो. पण हा श्लेष तो करतो एका खऱ्या ठेचेवर, पुनरुक्तीवर.

हफ्तारा, म्हणजे पराशेनंतर वाचायचा संदेष्ट्यांच्या पुस्तकांतला भाग, विसरू नका. सेफार्दी (मूळ स्पेनच्या ज्यूंच्या) रिवाजात, म्हणजे बेने इस्राएलींच्याही, पेकुदेला १ राजे ७:४०–५० असतो. विशेष शब्बाथ आला तर बदलतो. त्यात वचन ४७ म्हणते, शलमोनाने सगळी भांडी न तोलताच ठेवली, कारण ती फारच होती, आणि पितळेचे वजन कळलेच नाही. पराशेत शेवटच्या शेकेलपर्यंत हिशेब आणि त्याच सकाळी हफ्तारात ‘मोजलेच नाही’. दोन्ही शेजारी कुणी का ठेवले असतील? यावर दोन माणसांनी वाद घालावा इतका हा चांगला प्रश्न आहे, म्हणून इथे उत्तर देत नाही. वाद घालायला साथीदार ठेवा. फोनवर वीस मिनिटे पुरतात. नियम एकच: एकाने अर्थ सांगितला की दुसऱ्याने ‘कुठल्या शब्दावरून?’ विचारायचे.

गोष्टींच्या पराशांत रीत हीच, फक्त धोका वेगळा. तिथे आपण पात्रांना आदर्श करून टाकतो आणि मजकुरातला ओबडधोबडपणा घासून काढतो. ‘वायेशेव’मध्ये योसेफ भावांना शोधत शेखेमला जातो आणि ‘एका माणसाला तो रानात भटकताना सापडला’ (उत्पत्ति ३७:१५). शोधणारा योसेफ, पण सापडतो योसेफ, आणि माणसाला नाव नाही. राशी म्हणतो तो गाब्रिएल देवदूत. दुसरा जुना भाष्यकार इब्न एझ्रा म्हणतो, सरळ अर्थाने वाटेवरचा कुणी एक. या दोघांत कुणाची बाजू घ्यावीशी वाटते ते पाहा. तुमच्याबद्दल ते योसेफच्या अंगरख्यापेक्षा जास्त सांगेल.

आणि काही पराशा बोचतात. ‘ताझ्रिया-मेत्सोरा’ कातडीवरच्या डागांवर आहे, माणसाला छावणीबाहेर काढते. तिला घाईघाईने गोड करू नये. ‘हे सगळे निंदेबद्दल आहे’ म्हणून (डाग ही निंदेची शिक्षा, असे जुने स्पष्टीकरण आहे) उडी मारली की मजकूर सुटला. त्याऐवजी घराच्या डागाचा भाग (लेवीय १४:३५–३६) हळू वाचा. घरमालकाने कोहेनला (पुरोहिताला) ‘डाग आहे’ असे म्हणायचे नाही, ‘डागासारखे काहीतरी मला दिसते’ म्हणायचे. विद्वान असला आणि खात्री असली तरी, असे राशी सांगतो. आणि कोहेन यायच्या आत घर रिकामे करायचे, म्हणजे आतले सामान अशुद्ध ठरणार नाही. मिश्ना नेगाईम विचारते, तोराला एवढी काळजी कशाची? उत्तर: मातीच्या भांड्यांची, कारण बाकीचे धुऊन शुद्ध करता येते आणि मातीचे फोडावेच लागते. कठोर कायद्याच्या पोटात एका गाडग्याची काळजी. त्यावरून कायदा सौम्य ठरतो असे म्हणू नका; दोन्ही लिहून ठेवा.

वहीबद्दल. पराशेला एक पान, डाव्या बाजूला ठेच वचनाच्या आकड्यासह, उजवीकडे जुन्या वाचकांपैकी कुणा एकाचे म्हणणे, तळाला स्वतःची एक ओळ. भाष्यकार एका वेळी दोनच: एक राशी, आणि त्याच्याशी भांडणारा कुणी, इब्न एझ्रा किंवा रामबान (रब्बी मोशे बेन नाहमान). पाच जण वाचले की स्वतःची ओळ लिहायचे धाडस राहत नाही. पुढच्या वर्षी तेच पान उघडून वेगळ्या शाईने लिहा, खोडू नका. एखाद्या वर्षी तळाची ओळ रिकामी राहिली तर राहू द्या. ओढूनताणून भरलेली ओळ पुढच्या वर्षी वाचवत नाही.

हे सगळे लिहिणे शुक्रवारी दिवे लावायच्या आत उरकायचे, शब्बाथला लिहिता येत नाही. आणि देवळात बोलायची पाळी आली तर पाच मिनिटांतली तीन ठेचेला द्या: आकडे मोठ्याने सांगा, लोकांना मनात गुणाकार करू द्या. ३५५० माणसे उरतात तिथे थोडे थांबा. कुणीतरी पुटपुटते, ‘मग ती कुठे गेली?’ त्यानंतरच खांबांच्या आकड्यांचे वचन वाचा.